दूध संस्थेच्या आणि काट्याच्या सर्व्हरवर लॉगरोटेट नीट कसं लावायचं

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यातल्या ज्या संस्थांची मशीनं मी सांभाळते, तिथला सर्व्हर म्हणजे कपाटाशेजारी ठेवलेला उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) एक डबा, त्याला एक यूपीएस आणि आत २५६ जीबीची एसएसडी. डेटाबेस, लॉग, बॅकअप सगळं एकाच पार्टिशनवर. लॉग म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची ओळीओळीने नोंद ठेवतो ती फाइल. लॉग कुणी बघत नाही, तो गुपचूप वाढत राहतो. मग एका सकाळी कलेक्शनला रांग लागलेली असताना डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि फोन येतो, ‘अक्का, एन्ट्री पडंना झालीया. फॅट मशीन तर चालू हाय.’ स्क्रीनवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ एवढंच असतं.

यावरचं साधन लिनक्समध्ये आधीपासूनच असतं. लॉगरोटेट. ठरलेल्या वेळी चालू लॉग बाजूला काढायचा, नवी फाइल सुरू करायची, जुन्या फाइली दाबून लहान करायच्या आणि मुदत संपलेल्या पुसायच्या, एवढं काम ते करतं. यालाच लॉग फिरवणं म्हणायचं. बहुतेक जण ते जागा वाचवण्यापुरतं लावतात. इंटरनेटवरून ‘रोटेट ७’ असलेला नमुना उचलतात आणि विषय मिटवतात. माझा आग्रह वेगळा आहे. हा लॉग कुणाला आणि किती दिवसांनी लागणार आहे, हे आधी संस्थेच्या सेक्रेटरींना विचारा. तो आकडा हातात आला की मगच फाइल लिहायला बसा.

लिहिण्याबद्दल एक सांगून ठेवते. कमांडी, फाइलींची नावं आणि आकडे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, मी फोनवर सांगते तसेच. टर्मिनलवर ते इंग्रजीत आणि लहान अक्षरांतच टाइप करायचे. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

किती दिवस ठेवायचं

दूध संस्थेच्या लॉगमधली एक ओळ बघा:

२०२५-०७-०४ ०६:१२:४१ सभासद=०४१७ म्हैस लिटर=६.५ फॅट=७.१ एसएनएफ=९.१ काटा=ऑटो

शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ‘ऑटो’ म्हणजे वजन थेट काट्यावरून आलं. तिथे ‘मॅन्युअल’ असेल तर ते ऑपरेटरने हाताने टाकलं. बिलावर हा फरक उमटत नाही, तो फक्त लॉगमध्ये असतो. बिल दहा दिवसांचं निघतं. शेतकऱ्याच्या हातात ते पडतं, घरात वहीशी ताळा होतो आणि मग तो विचारायला येतो. म्हणजे तक्रारीचा दिवस नोंदीच्या दिवसापासून दोन-तीन आठवडे लांब असू शकतो. सात दिवसांत लॉग पुसला गेला असेल तर त्या माणसाला द्यायला आपल्याकडे उत्तरच नसतं. त्याचं दूध खरं, त्याची वही खरी, आणि आपण नुसतं ‘सिस्टिममध्ये असंच आहे’ म्हणायचं? मला हे पटत नाही.

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं याहून लांबचं असतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन यांवरून होणारे वाद हंगाम संपून हिशेब निघेपर्यंत चालतात. गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झालं तर पुढच्या हंगामापर्यंत तो लॉग हाताशी हवा. काट्याच्या लॉगला मी वर्षाच्या वर मुदत देते.

कायद्याचंही एक बंधन आहे. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, मध्यस्थ, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट (कंपन्या आणि तत्सम संस्था) आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सगळ्या संगणक यंत्रणांचे लॉग चालू ठेवून मागचे १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत, आणि तेही भारताच्या हद्दीत. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवायलाही त्यातच सांगितलं आहे. त्यामुळे १८० च्या खाली मी कुठेच जात नाही. पतसंस्थेत तर नाहीच.

आता जागेचा हिशेब. चालू लॉग रोज किती वाढतो ते दोन-तीन दिवस ‘एलएस -एलएच’ करून बघा. समजा, रोज ४० एमबी. १८० दिवसांचे ७२०० एमबी, म्हणजे सात जीबीच्या आसपास. जीझिपने दाबल्यावर अशा एकसुरी ओळींचा लॉग दहाव्या हिश्श्याच्या जवळपास येतो असा माझा अनुभव आहे. म्हणजे पाऊण जीबी. सहा महिने ठेवायला जागा नाही, असं म्हणायचं कारण उरत नाही.

आपल्या भागात हा हिशेब करताना एक गोष्ट लोक विसरतात. सभासदांना एसएमएस मराठीत जातो, कन्नडमध्ये जातो, कधी दोन्हींत, आणि प्रोग्राम तो मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये ओततो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी आणि कन्नडच्या प्रत्येक वर्णाला तीन. ‘बेळगाव’ दिसायला चार अक्षरं, पण काना-मात्रा धरून सहा वर्ण, म्हणजे १८ बाइट. कन्नड लिपीत ‘बेळगावी’ लिहिलं तर सात वर्ण, २१ बाइट. प्रोग्राम प्रत्येक वर्णाऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहीत असेल तर वर्णामागे सहा बाइट जातात. त्यामुळे परगावच्या, इंग्रजी लॉगवर बेतलेल्या अंदाजावर विसंबू नका, आपला लॉग मोजा.

फाइल कशी लिहायची

मुख्य फाइल ‘/ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’. तिच्यात हात घालू नका. उबंटूत तिथे साधारणपणे ‘वीकली’, ‘रोटेट ४’ आणि ‘सु रूट एडीएम’ असतं, आणि शेवटी ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी’ या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली आत घेतल्या जातात. आपली फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवायची. नाव साधं ठेवा, ‘काटा’ किंवा ‘दूध’. ‘काटा.बॅक’ अशा शेपटाच्या फाइली लॉगरोटेट मुद्दामच वगळतं. त्याचा उपयोगही होतो, पण त्यामुळे गोंधळही होतो. फाइलीचा मालक रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) असावा आणि लिहायची परवानगी फक्त त्यालाच असावी. ग्रुपला किंवा इतरांना असेल तर लॉगरोटेट ती फाइल वाचायलाच नकार देतं.

काट्याची फाइल मी अशी लिहिते:

/व्हार/लॉग/काटा/*.लॉग {
    सु काटा काटा
    डेली
    रोटेट ४००
    डेटएक्स्ट
    डेटयस्टरडे
    कॉम्प्रेस
    डिलेकॉम्प्रेस
    मिसिंगओके
    नॉटइफएम्प्टी
    क्रिएट ०६४० काटा काटा
    शेअर्डस्क्रिप्ट्स
    पोस्टरोटेट
        सिस्टिमसीटीएल किल -एस एचयूपी काटा.सर्व्हिस
    एंडस्क्रिप्ट
}

पहिल्या ओळीत तारांकनानंतर ‘.लॉग’ आहे, ते सोडू नका. नुसतं ‘/काटा/*’ लिहिलं तर कालची फिरवलेली फाइलही आज पुन्हा फिरवली जाते, परवाची तिसऱ्यांदा, आणि फोल्डरमध्ये शेपटाला शेपूट लागत जातं.

‘सु काटा काटा’ कशासाठी? ‘काटा’ हा या मशीनवर प्रोग्रामसाठी केलेला वापरकर्ता आहे आणि लॉगचं फोल्डर त्याच्या ताब्यात आहे. अशा फोल्डरमध्ये रूटच्या अधिकाराने फाइली हलवणं धोक्याचं असतं. फोल्डरवर रूटशिवाय दुसऱ्या ग्रुपला लिहायचा हक्क असेल तर लॉगरोटेट ‘इनसिक्युअर परमिशन्स’ म्हणून तो लॉग सोडून देतं. ही ओळ असली की काम त्या वापरकर्त्याच्या नावाने होतं.

‘रोटेट ४००’ मधले ४०० दिवस नाहीत, फाइली आहेत. रोज एकदाच फिरत असेल तर दोन्ही एकच. पण दिवसातून दोनदा फिरू लागलं तर तुमचे ४०० दिवस २०० वर येतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दिवसांवर मर्यादा हवी असेल तर ‘मॅक्सएज’ आहे. तेव्हा ‘रोटेट’चा आकडा ऐसपैस ठेवायचा.

‘डेटएक्स्ट’ असलं की फाइलीच्या नावाला १, २, ३ ऐवजी तारीख लागते. फिरवणी मध्यरात्रीनंतर होते, त्यामुळे ५ जुलैच्या नोंदी ६ तारखेच्या नावाने बंद होतात. सहा महिन्यांनी कुणी ‘पाच तारखेचं दाखवा’ म्हटलं की ऑपरेटर चुकीची फाइल उघडतो आणि ‘नोंदच नाही’ असं सांगून मोकळा होतो. ‘डेटयस्टरडे’ लिहिलं की नावाला आदल्या दिवसाची तारीख लागते, आतल्या नोंदींशी जुळणारी. ही एक ओळ मी प्रत्येक ठिकाणी घालते.

‘मिसिंगओके’ म्हणजे लॉग नसेल तर बोंब मारू नकोस. ‘नॉटइफएम्प्टी’ म्हणजे रिकामी फाइल फिरवू नकोस. हंगाम नसताना काटा बंद असतो, तेव्हा हे उपयोगी पडतं. रिकाम्या फाइलींनी ४०० चा कोटा खाऊन खऱ्या नोंदी बाहेर ढकलल्या जात नाहीत. ‘०६४०’ बद्दल मी हट्टी आहे. लॉगमध्ये सभासदांचे मोबाइल नंबर असतात, पतसंस्थेत खातेक्रमांक असतात. मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही ते वाचता येता कामा नयेत. ओटीपी आणि पासवर्ड लॉगमध्ये दिसत असतील तर रोटेशनचं नंतर बघू, आधी प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन करून ते बंद करून घ्या.

प्रोग्रामने जुनी फाइल सोडली का?

सगळ्यात जास्त अडतं ते इथे. लॉगरोटेट फाइलीचं नाव बदलतं, पण चालू प्रोग्रामने ती फाइल आधीच उघडून धरलेली असते. त्याला नावाशी देणंघेणं नसतं. नाव बदललं तरी तो त्याच जुन्या फाइलीत लिहीत राहतो, आणि ‘क्रिएट’ने केलेली नवी फाइल शून्य बाइटवर बसून राहते. गावाकडे बिऱ्हाड हलवलं तरी पोस्टमन जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत राहतो, तसं. म्हणून प्रोग्रामला ‘फाइल बदलली, नवी उघड’ असं सांगावं लागतं. ‘पोस्टरोटेट’मधली ओळ तेच सांगते, एचयूपी नावाचा सिग्नल पाठवून (तिन्ही अक्षरं कॅपिटल).

पण एचयूपी हा सिग्नल समजणाऱ्या प्रोग्रामलाच पाठवायचा. ज्याने त्याची सोय केलेली नाही, तो सिग्नल मिळताच बंद पडतो. रात्री काट्यावर ट्रॉल्यांची रांग असताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. प्रोग्राम बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा, ‘लॉग फाइल पुन्हा उघडायला कोणता सिग्नल?’ एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर१ लागतो (अक्षरं कॅपिटल). एन्जिनएक्स, अपाची, आरसिसलॉग यांच्या फाइली पॅकेजबरोबरच ‘लॉगरोटेट.डी’मध्ये येतात, त्यांच्यासाठी आपण वेगळी लिहू नये. एकच लॉग दोन फाइलींत सापडला की ‘डुप्लिकेट लॉग एन्ट्री’ अशी चूक येते. मुदत वाढवायची असेल तर आलेल्या फाइलीतच आकडा बदला.

ज्या प्रोग्रामला काहीच सांगता येत नाही, त्याच्यासाठी ‘क्रिएट’ आणि ‘पोस्टरोटेट’ काढून ‘कॉपीट्रंकेट’ लिहायचं. यात आधी लॉगची नक्कल होते आणि मग मूळ फाइल जागच्या जागी रिकामी केली जाते. प्रोग्राम त्याच फाइलीत लिहीत राहतो, त्यामुळे त्याला कळवायची गरज नाही. तोटे दोन. नक्कल झाल्यावर आणि रिकामी होण्याआधी त्या क्षणभरात पडलेल्या ओळी जातात. आणि नकलेपुरती मोकळी जागा डिस्कवर लागते, म्हणजे डिस्क गच्च भरल्यावर हा उपाय लागू पडत नाही. पैशांच्या नोंदी असलेल्या लॉगला मी ‘कॉपीट्रंकेट’ शक्यतो लावत नाही. लावावंच लागलं तर ज्या वेळी कुणी एन्ट्री करत नाही ती वेळ निवडते.

‘कॉपीट्रंकेट’च्या पोटात आणखी एक खोच आहे. आपल्याकडचे पुष्कळ जावा प्रोग्राम एका छोट्या स्क्रिप्टने सुरू होतात, आणि तिथे आउटपुट फाइलीकडे वळवायला एकच ‘मोठे’चं चिन्ह, > , टाकलेलं असतं. त्यात प्रोग्राम आपली लिहायची जागा लक्षात ठेवतो. ९० एमबीवर लिहीत असताना फाइल रिकामी केली, तरी पुढची ओळ तो ९० एमबीच्या पुढेच टाकतो. मधली पोकळी शून्यांनी भरलेली दिसते. ‘एलएस’मध्ये फाइल पुन्हा ९० एमबी दिसते आणि उघडली तर सुरुवातीला नुसता कचरा. स्क्रिप्टमध्ये दोन चिन्हं, >> , केली की प्रत्येक ओळ फाइलीच्या खऱ्या शेवटी जाते आणि हा प्रकार थांबतो. एका चिन्हाचा फरक आहे. स्क्रिप्ट उघडून बघितल्याशिवाय ‘कॉपीट्रंकेट’ लावू नका.

‘डिलेकॉम्प्रेस’ ठेवायचं कारणही प्रोग्रामने धरून ठेवलेली जुनी फाइल हेच. प्रोग्राम जुन्या फाइलीत शेवटच्या दोन-चार ओळी टाकत असताना ती दाबायला घेऊ नये, म्हणून ताजी फाइल एक फेरी तशीच राहते आणि पुढच्या वेळी दाबली जाते.

वेळ कोणती

लॉगरोटेट स्वतःहून जागं राहत नाही. हल्लीच्या उबंटूत ‘लॉगरोटेट.टायमर’ त्याला दिवसातून एकदा उठवतो, रात्री बारानंतर, काही मिनिटं ते तासभर मागेपुढे. जुन्या मशीनवर हे काम क्रॉनकडे (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) असतं. टायमर चालू आहे का ते ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये दिसतं.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर तिथले बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. दूध संस्थेत बरोबर कलेक्शन सुरू व्हायची वेळ. सकाळच्या पाळीच्या नोंदी दोन फाइलींत विभागल्या जातात आणि तारखा शोधणं अवघड होतं. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून आधी घड्याळ बघा. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ केलं की ते भारतीय वेळेवर येतं (एशियाचा ए आणि कोलकाताचा के कॅपिटल).

काट्यावर तिन्ही पाळ्या चालतात, तिथे निवांत वेळ अशी नसतेच. पाळी बदलते ती वेळ मात्र टाळावी, कारण तेव्हाच रिपोर्ट छापले जातात. वेळ बदलायची तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर’ करून यात लिहा:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:३०

पहिली रिकामी ओळ विसरू नका. तिच्याशिवाय जुनी वेळ पुसली जात नाही आणि लॉगरोटेट दोनदा उठतं. यात टी, ओ आणि सी कॅपिटल आहेत.

खानापूरच्या वरच्या अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात वीज रात्र रात्र नसते, आणि काही संस्थांत सेक्रेटरी घरी जाताना मेन स्विचच बंद करतात. मग मध्यरात्री उठायचं कोणी? टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट=ट्रू’ असतं म्हणून चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर होते. आपण फाइल बदलताना ती ओळ काढली नाही ना, एवढं पाहावं. जुन्या, नुसत्या क्रॉनवर चालणाऱ्या मशीनवर ‘ॲनाक्रॉन’ टाकून घ्यावं, नाहीतर चुकलेली फेरी चुकलीच.

लॉग एका दिवसातच फुगण्याची भीती असेल, समजा प्रोग्रामवाल्याने डीबग (चूक शोधण्यासाठीच्या बारीकसारीक नोंदी) चालू करून ठेवलं आहे, तर ‘मॅक्ससाइझ २००एम’ लिहितात (एम कॅपिटल). म्हणजे दिवस पुरा व्हायच्या आत २०० एमबी झाले तरी फिरव. ‘डेली’च्या जोडीला ‘साइझ’ लिहू नका, त्या दोघांत जे शेवटी लिहिलं असेल तेच धरलं जातं. पण ‘मॅक्ससाइझ’ही लॉगरोटेट चालेल तेव्हाच तपासलं जातं. टायमर दिवसातून एकदाच असेल तर त्याला काही अर्थ उरत नाही, तो तासाला करावा लागतो. आणि तासाला केला की नवी अडचण: ‘डेटएक्स्ट’चं नाव दिवसापुरतंच असतं, दुसऱ्यांदा फिरवताना त्याच नावाची फाइल आधीच असते आणि लॉगरोटेट ती फेरी सोडून देतं. तेव्हा ‘डेटफॉरमॅट -%वाय%एम%डी-%एस’ लिहून नावात सेकंदही आणायचे. वाय कॅपिटल, बाकी लहान. अशा लॉगला ‘डेटयस्टरडे’ लावू नका, दिवसातल्या फेऱ्यांना चुकीची तारीख पडेल.

चालतंय का ते बघणं

‘सुडो लॉगरोटेट -डी /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’ ही कोरडी चाचणी. प्रत्यक्षात काही हलत नाही, काय करणार होतं तेवढं सांगितलं जातं. पुष्कळ जण फक्त आपली छोटी फाइल देऊन चाचणी घेतात. तेव्हा मुख्य फाइलीतले नियम लागू नसतात, त्यामुळे उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणून मुख्य फाइलच द्या आणि येणाऱ्या मजकुरात आपला लॉग शोधा.

नवी फाइल लावल्यावर पहिल्या रात्री काही फिरत नाही. हे बिघडलेलं नाही. लॉगरोटेट प्रत्येक लॉग शेवटचा कधी फिरला ते ‘/व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस’ या फाइलीत लिहून ठेवतं. पहिल्यांदा दिसलेल्या लॉगची ते फक्त तारीख टिपतं आणि पुढच्या फेरीपासून काम सुरू करतं. घाई असेल तर ‘-एफ’ देऊन एकदा जबरदस्तीने फिरवता येतं. एकदाच. पुन्हा पुन्हा केलं आणि ‘रोटेट’चा आकडा लहान असेल तर प्रत्येक वेळी सर्वांत जुनी फाइल पुसली जाते.

फिरवल्यावर दोन गोष्टी बघायच्या. नव्या फाइलीचा आकार वाढतो का, आणि ‘सुडो एलएसओएफ +एल१’मध्ये (एल कॅपिटल) पुसलेली पण अजून कुणीतरी धरून ठेवलेली फाइल दिसते का. नवी फाइल शून्यावर अडली असेल तर सिग्नल पोचलेला नाही.

डिस्क आधीच भरली असेल तर

पहिला हात ‘आरएम’कडे जातो, तो आवरा. प्रोग्रामने धरलेली फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. फाइल दिसेनाशी होते, जागा अडलेलीच राहते, आणि नोंदीही हातच्या जातात. ‘डीएफ -एच’ने कोणतं पार्टिशन भरलं ते बघा, मग ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार | सॉर्ट -एच’ करत खाली उतरा. ‘डीएफ -एच’मध्ये जागा दिसते आणि तरीही लिहिता येत नाही, असं असेल तर ‘डीएफ -आय’ बघा. बारीक फाइलींचा ढीग होऊन आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेले असतात.

मोठा लॉग सापडला की पेन ड्राइव्ह लावून त्याची दाबलेली प्रत आधी त्यावर घ्या, ‘झेडकॅट’ने ती वाचता येते याची खात्री करा, आणि मगच ‘ट्रंकेट -एस ० फाइलीचं-नाव’ करा. यात फाइल तीच राहते, फक्त रिकामी होते, आणि जागा लगेच सुटते.

जर्नलही बघा. सिस्टिमडीचा (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) स्वतःचा लॉग लॉगरोटेटच्या अखत्यारीत येत नाही. ‘जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज’ने त्याचा आकार कळतो. आपण काही सांगितलं नसेल तर तो डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, पण ४ जीबीच्या वर नाही, इतका वाढतो. ‘/ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ’मध्ये ‘सिस्टिममॅक्सयूज’ला मर्यादा द्या (एस, एम आणि यू कॅपिटल). डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या खोक्यांत चालवणारं साधन) असेल तर त्याच्या लॉगना ‘डेमन.जेसन’मध्ये ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ द्यावं लागतं, आणि ते नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होतं. जुने कंटेनर पुन्हा बनवावे लागतात.

जुन्या फाइली काढून दाखवणं

दाबलेल्या फाइली आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर ‘आरसिंक’ने न्या, कारण एसएसडी गेली तर १८० दिवसही तिच्याबरोबर जातात. दुसरं मशीन त्याच खोलीत नको. गाव आणि बेळगाव, असं अंतर असलेलं चांगलं.

शेतकरी विचारायला आला की ऑपरेटरला शोधता आलं पाहिजे. जुलैच्या पहिल्या दहा दिवसांचं बिल असेल तर:

झेडग्रेप 'सभासद=०४१७' दूध.लॉग-२०२५०७*

‘झेडग्रेप’ दाबलेली आणि न दाबलेली दोन्ही फाइली वाचतं, त्यामुळे ‘डिलेकॉम्प्रेस’ने तशीच ठेवलेली ताजी फाइलही यात येते. चालू दिवसाची ‘दूध.लॉग’ मात्र यात येत नाही, ती वेगळी द्यायची. एक काळजी घ्या: प्रोग्राम सभासद क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहितो की देवनागरी, ते आधी एका ओळीत बघून ठेवा. इंग्रजी आकड्यांनी शोधलं आणि लॉग देवनागरीत असला तर उत्तर कोरं येतं, आणि समोरच्याला वाटतं की आपली नोंदच झालेली नाही.

ऑपरेटरला ही कमांड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरशेजारी लावून द्या. सापडलेल्या ओळी छापून देताना त्याच्याच सभासद क्रमांकाच्या द्या, शेजाऱ्याच्या नको, आणि ‘ऑटो’ की ‘मॅन्युअल’ हा शब्द त्या माणसाला बोट ठेवून दाखवा. मराठीत बोलणारा असो की कन्नडमध्ये, तो शब्द काय सांगतो ते त्याला कळेपर्यंत सांगा.